वज्रपोह्याची वाट कुणाची?

मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे संदेश एकाच दिवशी येऊ लागतात. एक असतो, ‘येत्या रविवारी कुठे जायचे?’ आणि दुसरा, वर्तमानपत्रातले कात्रण, ‘खानापूर तालुक्यातील धबधब्यांवर जाण्यास बंदी’. दोन्हींवर अंगठे सारखेच पडतात. पहिल्या संदेशाखाली डब्यात काय आणायचे याची चर्चा होते, दुसऱ्याखाली ‘आम्ही गेलो होतो, कोण विचारत नाही’ असे कुणीतरी लिहितो. हे गेली काही वर्षे असेच चालले आहे. यंदाच्या सहलीचा विषय कार्यकारिणीपुढे येण्याआधी या बंदीमागे काय आहे, ती कुणी घातली, कुणावर घातली आणि तिचा भार नेमका कुणावर पडतो, हे एकदा नीट पाहावे म्हणून हा लेख.

बेळगावकराला सह्याद्री गाठायला घाट चढावा लागत नाही, आपण घाटमाथ्यावरच राहतो. सकाळी सहाला निघून खानापूर किंवा जांबोटीला चहा घेतला, की तासाभरात पायाखाली लाल माती आणि डोक्यावर धुके. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते. तिच्यापासून काही मैलांवर, त्याच तालुक्यात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी होते. जांबोटीच्या पुढे गवाळीच्या बाजूला ती ज्या कड्यावरून खाली कोसळते तो वज्रपोहा. आपल्यातल्या साठी उलटलेल्या सभासदांनी तो विनापरवाना, विनामोबाईल, गावातल्या एखाद्या पोरट्याला वाट दाखवायला घेऊन पाहिलेला आहे. आज तीच वाट चालणे हा गुन्हा ठरू शकतो.

कसा, ते समजून घेऊ. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाले. क्षेत्र १९०.४२ चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २७ सांगते की अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही. अपवाद तिथे राहणाऱ्यांचा, तिथे जमीनजुमला असणाऱ्यांचा आणि सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणाऱ्यांचा. पर्यटनासाठी परवानगी देता येते, ती कलम २८ खाली. अभयारण्याबाहेर जे राखीव जंगल आहे त्याला १९६३ चा कर्नाटक वन कायदा लागू होतो आणि तिथेही विनापरवाना घुसणे हा अपराधच आहे. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये जी ‘बंदी’ जाहीर होते ती खरे तर नवी नसते. वर्षभर लागू असलेला नियम पावसाळ्यात मोठ्याने वाचून दाखवला जातो, एवढेच. बाकीचे दहा महिने तो कुणी वाचत नाही, म्हणून पावसाळ्यातही लोकांना तो खरा वाटत नाही.

आता यात अलीकडे भर काय पडली? २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत कुक्के सुब्रमण्यजवळच्या कुमारपर्वतावर हजारो लोक एकाच वेळी चढले. डोंगराच्या सोंडेवर मुंग्यांसारखी लागलेली ती रांग आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिली. वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी लगेच, जिथे ऑनलाइन नोंदणीची सोय नाही अशा वाटांवर तात्पुरती बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘अरण्य विहार’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि एका वाटेवर दिवसाला ३०० माणसांची मर्यादा ठरली. माझ्या मते कर्नाटकाने याबाबतीत केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम. दार बंद करण्याऐवजी दारात माणूस बसवला. पण ही योजना आखताना डोळ्यांसमोर होते चिक्कमगळूर, कोडगू आणि बंगळूरहून शनिवारी रात्री बसने निघणारी तरुण मंडळी. आपल्या खानापूरच्या जंगलात येणारा माणूस वेगळा आहे. तो सकाळी दुचाकीवरून येतो, दुपारी परततो, आणि निम्म्या वेळा त्याला आपण कुठल्या राज्यात आहोत हेही ठाऊक नसते.

खरी अडचण इथे आहे. चोर्ला परिसरात एका दिवसाच्या भटकंतीत माणूस तीन राज्यांत पाय ठेवतो. चिगुळे, पारवाड कर्नाटकात, सुर्ला गोव्यात, मांगेली महाराष्ट्राच्या दोडामार्गात. डोंगर एक, पाऊस एक, आणि बहुतेक गावांची बोलीही एक. वनखाती मात्र तीन. २०२३ च्या जुलैत सांगे तालुक्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि गोवा सरकारने अभयारण्यांतल्या सगळ्या धबधब्यांवर बंदी घातली. लोक काय करतील? जे व्हायचे तेच झाले. पुढच्याच रविवारी, १६ जुलैला, शेकडो लोक रेल्वेने दूधसागरकडे निघाले आणि रुळांवरून चालू लागले. रेल्वे पोलिसांनी त्यांना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या. त्या चित्रफितीवर देशभर हसले गेले. आपल्याला ते हसू परवडणारे नाही, कारण कॅसल रॉकला उतरून रुळांवरून खाली चालत जाणे ही बेळगावकरांची जुनी सवय आहे. ब्रागांझा घाटाचा हा टप्पा कॅसल रॉक ते कुळे असा २६ किलोमीटरचा, चढ सदतीसास एक. बोगद्यात मालगाडी शिरली तर अंग चोरायला जागा किती मिळेल, याचा हिशेब उतारावरच्या गाडीने आपल्यासाठी करून ठेवलेला नसतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही, गोव्याची बंदी आणि रेल्वेची बंदी एकाच आठवड्यात एकमेकींना भेटल्या, पण दोन्ही खात्यांनी आधी एकमेकांना फोन केला असता तर ती गर्दी कुळ्याच्या अलीकडेच थांबली असती, असे म्हणावेसे वाटते.

आणि कितवाड. हे नाव लिहितानाही हात अडखळतो. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी बेळगावहून सहलीला गेलेल्या विद्यार्थिनींपैकी चार मुली तिथे बुडून गेल्या. कितवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. मुली आपल्या गावच्या. लक्षात घ्या, महिना नोव्हेंबर होता. पावसाळी बंदीच्या कुठल्याच चौकटीत तो दिवस बसत नाही. पाणी ओसरलेले असते, काठ कोरडा दिसतो, आणि शेवाळलेला खडक मात्र तसाच असतो. जून ते सप्टेंबर बंदी घालून आपण धोका कॅलेंडरमध्ये कोंडून ठेवला असे ज्यांना वाटते त्यांनी कितवाड आठवावे.

इथे थोडे दूर जाऊ. आपल्यापैकी अनेकांची मुले जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला आहेत आणि तिथल्या डोंगरवाटांचे फोटो ग्रुपवर येत असतात. ‘बघा, तिकडे कसे!’ असा शेराही सोबत असतो. स्वित्झर्लंडमध्ये ६५ हजार किलोमीटरहून अधिक पायवाटा आखलेल्या आहेत. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर आणि अनुभव असलेल्यांनीच जावे अशी आल्पाइन वाट. पाटीवर अंतर नसते, वेळ असतो. अमुक शिखर दोन तास दहा मिनिटे. डोंगरात किलोमीटरला अर्थ नसतो हे त्यांनी कधीच ओळखले. पण याहून महत्त्वाचे ते की १९७९ साली सार्वमत घेऊन पायवाटांचा विषय त्यांनी राज्यघटनेत घातला आणि १९८५ मध्ये त्याचा कायदा केला. जंगलात आणि कुरणात फिरण्याचा हक्क तर त्यांच्या नागरी कायद्यातच आहे. तिथे वाट उघडी असणे हा नियम आणि बंद असणे हा अपवाद, म्हणून बंद असेल तर वाटेच्या तोंडाशीच तसे लिहिलेले असते. आपल्याकडे उलटे आहे. बंद असणे नियम, उघडे असणे मेहेरबानी, आणि लिहिलेले काहीच नाही.

मात्र ती तुलना पुरी ताणू नये. त्यांच्या दरीत गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, आपल्या जंगलात वाघ आहे. भीमगड, गोव्याचे म्हादई अभयारण्य, तिलारी आणि दांडेली-अणशी हा वाघांच्या ये-जा करण्याचा सलग पट्टा आहे. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ विषाने मेले. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत म्हादई व्याघ्रप्रकल्प जाहीर करा असे सांगितले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात वाघांच्या हल्ल्यांत माणसे गेल्यावर बंडीपूर-नागरहोळे भागातली सफारी आणि ट्रेकिंग बंद करण्यात आले. भीमगडच्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शास्त्राला माहीत झाले आणि पुढे कित्येक दशके जगात केवळ याच गुहा त्याचे घर म्हणून ठाऊक होत्या. मेघालय आणि कंबोडियात ते सापडले अलीकडे. अशा गुहेत दहा जणांनी टॉर्च मारत आणि शिट्ट्या वाजवत शिरावे, यासाठी मी तरी कुणाचा हक्क मागणार नाही. वनखात्याचा माणूस आपल्याला अडवतो तेव्हा तो दरवेळी अरेरावीच करत असतो असे नाही. जांबोटी रस्त्यावरच्या प्रत्येक वळणावर पडलेल्या बाटल्या त्याने टाकलेल्या नसतात.

तरी माझा मुख्य आक्षेप राहतोच, आणि तो फिरायला जाणाऱ्यांच्या वतीने नाही. आपण वज्रपोहा नाही पाहिला तर फार तर रविवार वाया जातो. त्या वाटेवर राहणाऱ्यांचे काय?

भीमगडच्या आत डझनभर गावे आहेत. गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, तळेवाडी, आमगाव, मेंडिल, देगाव. मराठी बोलणारी, भात आणि नाचणी करणारी, गणपतीला मुंबई-पुण्याहून माणसे परत येणारी गावे. २०२४ च्या जुलैत आमगावातल्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडांच्या डोलीवर घालून भर पावसात जंगलातून काही किलोमीटर खांद्यावरून आणले, तेव्हा कर्नाटकाला या गावांचा शोध लागला. आमगाव हे राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांपैकी एक. तिथे पक्का रस्ता का नाही? अभयारण्य आहे म्हणून. मग उपाय काय निघाला? रस्ता नव्हे, स्थलांतर. तळेवाडीच्या २७ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये देऊन बाहेर वसवण्याचा निर्णय झाला आणि २०२५ मध्ये पहिला दहा लाखांचा हप्ता देण्यात आला.

यावर आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘मराठी गावे उठवण्याचा डाव’. दुसरी, ‘सुटले बिचारे, जंगलात काय ठेवले आहे?’ दोन्ही शहरात बसून केलेल्या आहेत. तळेवाडीच्या अनेकांनी स्वतः होऊन ही मागणी लावून धरली होती, हे पहिल्यांनी विसरू नये. मुलीला शाळेला पाठवायचे, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे, अस्वलापासून पीक राखायचे, हे सगळे ज्याला रोज करायचे आहे त्याला ‘जमीन सोडू नका’ असे टिळकवाडीतून सांगणे सोपे आहे. आणि दुसऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की १५ लाखांत खानापूर शहराच्या कडेला घर होते, शेत होत नाही. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की हलवण्याआधी हक्क मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्वक संमती हवी. ज्यांना राहायचे आहे त्यांच्या पुढे राहण्याची काही वाट आहे का, हा प्रश्न त्या ‘मोकळी’ या शब्दात दडलेला आहे. रस्ता द्यायचा नाही, वीज द्यायची नाही, आणि मग विचारायचे, जाता का?

दिवसाच्या पदभ्रमणाचा विषय मला इथे महत्त्वाचा वाटतो. हेमाडग्याजवळ सरकारी निसर्ग शिबिर आहे. पैसे भरून तिथे मुक्काम करता येतो, जंगल पाहता येते. म्हणजे परवानगीचे पर्यटन या जंगलात चालते, ते वाईट आहे असेही नाही. मग त्याच परवानगीत, ठरावीक चार-दोन वाटांवर, ठरावीक महिन्यांत, दिवसाला समजा पन्नास माणसे, आणि प्रत्येक आठ-दहा जणांमागे गावातला एक वाटाड्या सक्तीचा, असे का होऊ नये? गवाळीचा माणूस दिवसाला वाटाडेपणाचे हजार रुपये कमावतो, घरातली बाई भाकरी-आमटीचे पैसे घेते, आणि कुठल्या दगडावर पाय ठेवायचा नाही हे त्या माणसाला ठाऊक असते. कितवाडसारख्या दुर्घटना पाट्यांनी जितक्या टळतील त्याहून अधिक अशा माणसाने टळतील. तो जंगलाचा शत्रूही नाही. बाटली फेकणाऱ्याला पहिली शिवी त्याचीच बसते. ज्याला गाव सोडायचे आहे त्याने सोडावे, पण ज्याला राहायचे आहे त्याला त्या जंगलातून दोन पैसे मिळण्याची सोय व्हावी. ‘अरण्य विहार’ची चौकट त्याला पुरेशी आहे. लागते ती एवढीच, की बंगळूरने खानापूरचा वेगळा विचार करावा.

आणि पाटीचा प्रश्न. इथे सीमाभागातला वाचक कान टवकारेल, म्हणून शांतपणे लिहितो. २०२४ च्या सुधारित कायद्याने कर्नाटकात दुकाने-आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे झाले. त्यावर आपण पुष्कळ बोललो, बोलत राहू. पण ‘पुढे खोल पाणी आहे’ ही पाटी ज्याने वाचायची आहे त्याच्या भाषेत नसेल तर ती पाटी नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांना देशपातळीवर जी संरक्षणे मान्य झाली आहेत त्यांनुसार जिथे पंधरा टक्क्यांहून अधिक लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. खानापूर तालुका त्यात सहज बसतो. त्याचप्रमाणे चंदगडमधल्या धोक्याच्या जागी बेळगावहून येणाऱ्या कन्नड आणि उर्दू वाचणाऱ्या मुलामुलींसाठी महाराष्ट्राने त्या लिपींत दोन ओळी लिहिल्या तर काही बिघडणार नाही. ही मागणी आपण दोन्ही बाजूंनी केली तरच तिला वजन येईल. एकीकडची केली तर ती पुन्हा जुन्या खटल्यातला आणखी एक कागद होईल.

आता यंदाच्या सहलीविषयी. वज्रपोहा, भीमगड किल्ला, सुर्ला यांपैकी काहीही लेखी परवानगीशिवाय मंडळाच्या नावाने ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळीस माणसे, त्यात दहा मुले, आणि वनरक्षकाशी वाटेत हुज्जत, हे शोभणारे नाही. चंदगडचे गड मोकळे आहेत आणि आपण त्यांच्याकडे उगाच दुर्लक्ष करतो. महिपाळगड आणि गंधर्वगड यांवर तर नांदती गावे आहेत, चहाला घरे आहेत. कलानंदीगडाची चढण मुलांनाही जमते. पारगडावर तानाजी मालुसऱ्यांच्या वंशजांचा वारसा आजही सांगितला जातो, फक्त पावसाळ्यात तिथला रस्ता धुक्याने गिळलेला असतो, तेव्हा दिवाळीनंतर जावे. निपाणीच्या मंडळींना चंदगड लांब पडते. त्यांनी सामानगड आणि नेसरीची खिंड एका दिवसात धरावी. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर जिथे पडले ती जागा पाहून परत येताना गडहिंग्लजला जेवण, असा बेत सहज बसतो. भुदरगड हा त्यांचा दुसरा पर्याय.

जळवांचे विचारणाऱ्यांसाठी एक सूचना. मोज्यात तंबाखूची भुकटी घालून ठेवा, जळू जवळ फिरकत नाही. निपाणीच्या तंबाखूचा हा एकच उपयोग असा आहे की ज्याला डॉक्टरांची हरकत नाही. चालून आल्यावर मात्र अंगावर गोचीड आहे का ते नीट पाहा. माकडतापाने २०१६ मध्ये सत्तरी आणि दोडामार्गात जी माणसे आजारी पडली ती याच रानांतली होती. पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे न विचारता सांगावे.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी दोन पत्रांचा मसुदा ठेवणार आहे. एक बेळगावच्या उपवनसंरक्षकांना, दुसरे कोल्हापूरच्या. पहिल्यात तीन गोष्टी आहेत. अभयारण्याबाहेरच्या कुठल्या वाटांना परवानगी मिळू शकते त्याची यादी खानापूर आणि जांबोटीच्या कार्यालयात मराठी-कन्नडमध्ये लावावी, गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावे, आणि तो नियम करताना गवाळी-आमगावच्या ग्रामसभांना विचारावे. दुसऱ्यात एकच आहे, कितवाडच्या काठावर पाटी आणि दोर. ज्या सभासदांचे मूळ गाव या जंगलात आहे त्यांनी सही करण्याआधी मसुदा वाचून त्यात काय सुटले ते सांगावे. तिथल्या वाटा त्यांना आमच्यापेक्षा ठाऊक आहेत.